एकतीस मार्चपर्यंत पैसे स्वीकारणार नाही

३ मार्च १९७६, सांगली
भडंगाच्या पुडीच्या कागदानं आज डोळे उघडले. त्यावर छापलं होतं: रोखीनं हिशेब ठेवणाऱ्याला पैसे ज्या वर्षी हातात येतात त्या वर्षाची जमा. पैसे ज्या वर्षी देतो त्या वर्षाचा खर्च. म्हणजे जमा एप्रिलमध्ये घ्यायची, खर्च मार्चमध्ये उरकायचा. इन्कम टॅक्स चारी मुंड्या चीत! पुढचा मजकूर फाटला होता. गरजही नव्हती. समोरचा जोतीराम माझ्यासारखाच फोटोवाला, पण नोट दिसली की हात पुढे करतो. प्लॅनिंग शून्य.
निश्चय: ३१ मार्चपर्यंत एक पैसा घेणार नाही.

५ मार्च
विजयमालाला सगळं समजावलं. म्हणाली, मग महिनाभर खायचं काय? बायकोला लाँग टर्म दिसत नाही.

१४ मार्च
कुंडलचा आकाराम मुलीच्या लग्नाचा अल्बम न्यायला आला. उसाचं बिल झालेलं. तीनशे रुपये टेबलावर ठेवले. मी परत केले. अल्बम न्या, पैसे एप्रिलमध्ये द्या म्हटलं. म्हणतो, आवं, आज हायती तवर घ्या की, माझ्या हातात पैकं टिकत न्हाईत. या लोकांना अर्थशास्त्र कोण सांगणार?

१९ मार्च
वर्षभराचा फोटोपेपर आणि केमिकल्स रोखीनं आणली. त्यासाठी विजयमालाच्या पाटल्या गहाण टाकल्या. तिनं बोलणं बंद केलंय. काम छान होतं.

२४ मार्च
सकाळपासून चार गिऱ्हाइकं आली. रोख देतो म्हणाली. परत पाठवली. चारही जोतीरामकडे गेली. त्याची जमा वाढली, म्हणजे टॅक्सही वाढला! हसू आवरेना.

२७ मार्च, सातारा
दुकानाला कुलूप लावून मेहुण्याकडे आलो. मेहुणा रिटायर्ड सुभेदार. विचारतो, दाजी, सावकारांना चुकवून आलासा व्हय? म्हटलं, पैसे मागणाऱ्यांना नव्हे, देणाऱ्यांना. तो बायकोला म्हणाला, दाजींना जरा ताक दे. लष्करात डोकं वापरायची सवय सुटते.

३१ मार्च, रात्र
जिंकलो. दिवसभर पलंगावर पडून होतो. इतकं फायद्याचं काम आयुष्यात केलं नव्हतं.

२ एप्रिल, सांगली
दुकान उघडलं. कोणी फिरकलं नाही. बातमी अजून पोचली नसावी.

५ एप्रिल
स्वतः कुंडलला गेलो. आकाराम म्हणाला, देत हुतो तवा घेतलं न्हाईसा, त्यात भर घालून म्हस घेतली. आता फुडच्या बिलाला. वर म्हैस दाखवली. लय गरीब हाय म्हणे. च्यायला! निव्वळ दुधाचा चहा पाजून कृतघ्न माणसानं एस.टी.त बसवून दिलं.

१२ एप्रिल
डार्करूमच्या पत्र्याखाली उकाड्यानं पेपर काळवंडला. ज्याचा फोटो काढावा तो धुक्यात उभा. कंपन्या चोर आहेत. विजयमाला बोलू लागली. बंद होती तेच बरं होतं.

२० एप्रिल
शाबासकी घ्यायला करसल्लागार तात्यासाहेबांकडे गेलो. त्यांनी वह्या चाळल्या. म्हणाले, सगळे पैसे मार्चमध्ये घेतले असते तरी टॅक्स लागायच्या मर्यादेच्या निम्म्यावरही तुम्ही गेला नसता. माणूस जुन्या वळणाचा. मी मुद्द्याचं विचारलं: आता दोन वर्षांची जमा एकाच वर्षात आली, तर पुढच्या वर्षी टॅक्स बसेल ना?
त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, काळजी करू नका. धंदा असाच चालवलात तर पुढच्या वर्षीही बसायचा नाही.