‘हात लावू नका’ची मूळ टेप आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंद्याने कानयंत्रं दुरुस्त करणारी, आता निवृत्त, आणि त्याच्या कितीतरी आधी ‘ओला रंग’ या न्यू वेव्ह बँडची सिंथेसायझरवाली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. मरायची घाई नाही. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात तपासून धडधाकट असल्याचं सांगितलं आहे. पण गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी माझ्या मालमत्तेत अशी एक भर पडली की आनंदाने दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही, आणि तिची व्यवस्था लावल्याशिवाय मला चैन पडणार नाही! मृत्युपत्रात उद्गारचिन्हं घालू नका असं वकीलबाईंनी बजावलं आहे. बघू किती जमतं.

कलम एक. माझं राहतं घर, दोन खोल्या आणि गळका नळ, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला, द्यावं. नळ डावीकडे पिळून वर उचलला की थांबतो. प्लंबरच्या नादी लागू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक कर्णबधिर मुलांच्या शाळेला द्यावी. माझं नाव कुठल्याही भिंतीवर कोरू नये.

कलम तीन. बारीक पेचकस, भिंग, सोल्डरची डागणी आणि सुट्या भागांचे सगळे डबे दुकानात तीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीला द्यावेत. त्यातला लाल मुठीचा पेचकस मुळात तिचाच आहे. ती शोधत असताना मीही तिच्याबरोबर शोधल्याचं नाटक केलं होतं.

कलम चार. सिंथेसायझर भाचीला. वाजवण्याआधी अर्धा तास चालू करून ठेवावा. तापला की त्याचे सूर वर चढतात, मग स्थिरावतात. तेवढा धीर धरावा. मी एकदा धरला नाही, त्याची हकिगत कलम सहामध्ये आहे.

कलम पाच. आमचा ड्रमर ठोक्या, सध्या मोटार शिकवण्याचा वर्ग चालवतो, याला मी काहीही देत नाही. माझा कीबोर्डचा स्टँड त्याने एकोणचाळीस वर्षं कपडे वाळत घालायला वापरला, हा राग त्यामागे आहेच. शिवाय मला साक्षीदार हवा आहे, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई सांगतात. ठोक्या अगदी निर्लेप साक्षीदार आहे. स्टँड परत आणून द्यावा.

कलम सहा. आता मुद्द्याची गोष्ट.

आमच्या बँडने आयुष्यात एकच अल्बम केला, ‘हात लावू नका’. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यामागे एक खोली होती, तिच्या भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केलेला. तिथे अकरा दिवसांत आठ गाणी. गायची माझी धाकटी. आवाज असा खालचा, भरदार, की कारखान्यातला फोरमन एकदा दारातून डोकावून म्हणाला, “हा कोण गृहस्थ गातोय?” धाकटी हसून हसून माइकवर पडली. तो आवाज हीच आमची सगळी पुंजी होती. बाकी आम्ही दोघं तालात होतो, एवढंच.

शेवटच्या दिवशी ‘लिफ्ट बंद आहे’ या गाण्यात माझा एक तुकडा भरायचा राहिला होता. सिंथेसायझर तापून सूर वर चढलेला. सगळं थांबवून तो पुन्हा लावायचा म्हणजे अर्धा तास गेला असता. मी शहाणीने काय केलं, टेपयंत्राची वेगाची कळ किंचित पुढे सरकवली. टेप जरा जोरात पळाली, गाणं माझ्या सुरापर्यंत चढलं, मी तुकडा वाजवला. झकास जमला. आणि कळ मागे घ्यायला विसरले.

तशाच पळत्या टेपवरून शेवटची नक्कल निघाली आणि नकलेवरून रेकॉर्ड छापली गेली. सगळे इतके दमले होते की ठोक्या म्हणाला, “काय तडफ आलीय!” आम्हीही माना डोलावल्या. रेकॉर्डवर धाकटीचा आवाज बारीक, चिवचिवता झाला होता. लोकांना तो आवडला. पोरं त्यावर बेभान नाचली. फक्त धाकटी रेकॉर्ड ऐकून पांढरी पडली.

“ताई, ही मी नाहीये गं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “आपला आवाज आपल्याला आतून वेगळाच ऐकू येतो. तुझा आवाज असाच आहे.”

तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं. दोन महिन्यांनी स्टुडिओतून माझ्या वायरी आणायला गेले, तेव्हा टेपच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं माझंच अक्षर दिसलं: ‘लिफ्ट’, चार मिनिटं. रेकॉर्डवर तेच गाणं तीन मिनिटं सेहेचाळीस सेकंदांचं. गाणी काही धुतल्यावर आटत नाहीत. कळ मागे घ्यायची राहिली होती, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. दुसरी आवृत्ती छापायला जाणार होती, एका फोनवर सगळं सुधारलं असतं. मी फोन केला नाही. कौतुक होत होतं, आणि चूक माझी होती. खोकं पिशवीत घातलं आणि घरी आणून कपाटावर टाकलं.

धाकटीने गाणं सोडलं. ग्रंथालयात नोकरी धरली, जिथे मोठ्याने बोलायचीही बंदी. गुणगुणतानाही तिला मी पुन्हा कधी ऐकलं नाही. वर्षातून दोनदा आमचा फोन होतो, गुडघ्यांबद्दल. मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला एकोणचाळीस वर्षं लागली.

गेल्या महिन्यात एका छोट्या कंपनीचं पत्र आलं: अल्बम पुन्हा काढायचा आहे, मूळ टेप आहे का? होती, पण दमट हवेने चिकट झालेली. अशी टेप तशीच लावली तर तिचा लेप सोलून निघतो. ती मंद आचेवर आठ तास सुकवावी लागते, मग थोडे दिवस नीट वाजते. मी फळं सुकवायचं यंत्र विकत आणलं, टेप आत ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. मंगळवारी दुपारी ती भाड्याने आणलेल्या टेपयंत्रावर चढवली, वेगाची कळ बरोबर मध्यावर ठेवली, दोनदा तपासली. आणि ती आली! माझी धाकटी, पंचवीस वर्षांची, खालच्या भरदार आवाजात, जशीच्या तशी! मी खोलीभर नाचले. खालच्या शिंपीणबाई काय पडलं म्हणून बघायला वर आल्या.

तरी सदर मूळ टेप मी माझ्या धाकट्या बहिणीला देते. अल्बम कोणत्या वेगाने पुन्हा निघावा, किंवा निघूच नये, हे तिने एकटीने ठरवावं. टेपबरोबर तिला हे कलम वाचून दाखवावं.

कलम सात. फळं सुकवायचं यंत्र शिंपीणबाईंना. धुऊन घ्यावं.

कलम आठ. हे कलम आज, गुरुवारी, वाढवत आहे. वकीलबाईंना लाभार्थीचा पूर्ण पत्ता लागतो, म्हणून काल सकाळी धाकटीला फोन केला.

“पत्ता कशाला हवाय?”

“मृत्युपत्रात घालायला.”

“अगं बाई! काय झालंय तुला?”

“काही नाही गं, धडधाकट आहे.”

फोन बंद. दोन तासांत ती दारात हजर, दोन बस बदलून, हातात औषधांची पिशवी. मला नखशिखांत न्याहाळलं आणि शिव्या घातल्या. मी तिला बसवलं, कलम सहा हातात दिलं आणि टेप लावली.

आठही गाणी तिने जागची न हलता ऐकली. मग म्हणाली, “परत लाव.” दुसऱ्यांदा ‘लिफ्ट’ आलं तेव्हा ती गायला लागली. आवाज थोडा खरखरीत, पण तिथलाच, त्याच तळातला. माझी मान वर होईना.

“माफ केलं असं समजू नकोस,” ती म्हणाली. “ते निवांत बघू. ती टेप इकडे दे.”

मी दिली. सबब मी हयात असतानाच टेप हस्तांतरित झाल्यामुळे कलम सहामधील देणगी रद्द समजावी. हकिगत मात्र तशीच ठेवावी. या मृत्युपत्राने धाकट्या बहिणीला आता काहीही मिळत नाही, म्हणून ती साक्षीदार होण्यास पात्र आहे, हे वकीलबाईंकडून खात्री करून घेतलं आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी त्यावर सही केली.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली. गुरुवार, दुपारी साडेचार.

सही: सिंथेसायझरवाली

साक्षीदार पहिला: ठोक्या. व्यवसाय: मोटार शिकवणे. (स्टँड आणला आहे. एक चिमटा लागलेला आहे.)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. व्यवसाय: <s>निवृत्त ग्रंथपाल</s> गायिका.