चौऱ्याहत्तर किलोचे दाजी

पिंप्राळा, जळगाव
११ फेब्रुवारी २०२४

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं, आणि मी आवाज चढवला की शेजारच्यांना वाटतं मी कामिनीशी भांडतोय. म्हणून कागद घेतला. तीस वर्षं ग्राइंडरपाशी कान लावून बसलास, त्याचा भुर्दंड आता पोस्टाने भर.

काम असं आहे. मला गाडी बांधून हवी आहे. दोन माणसांची, उघडी, छप्पर नसलेली. कोइमतूरला एक जण पाइपांची चौकट आणि फायबरचे पत्रे किट म्हणून पाठवतो. इंजिन, गिअर आणि मागचा ॲक्सल एखाद्या जुन्या व्हॅनचा घ्यायचा आणि आपण जोडायचं. आपण म्हणजे तू.

सगळे म्हणतात, आता मोठी गाडी घ्या, मुलगी डिंपल परदेशात कमावते. दीड हजार किलो लोखंडात काचा लावून बसायचं आणि बाहेर काय चाललंय ते कळू नये, यासाठी गाडी घ्यायची का? सव्वीस वर्षं कारखान्याची पिकअप घेऊन पाइप तपासत शेताशेतांतून हिंडलो. ती गाडी मी चालवली नाही, ओढली. आता अशी हवी की स्टिअरिंगला बोट लावलं तरी तिला कळावं आणि खाली खडा आला तर मला कळावा. हल्ली मला हातात येणारी प्रत्येक वस्तू हलकी असावीशी वाटते.

पासिंग मिळणार नाही, रस्त्यावर आणायची नाही, हे मान्य. धनसिंगच्या जिनिंगचं आवार जूनपासून रिकामं असतं, सगळं काँक्रीट. दसऱ्याला कापूस सुरू झाला की भरतं. तेवढ्यात व्हावी.

कामिनीला, म्हणजे तुझ्या अक्काला, यातलं निम्मंच सांगितलं आहे. लोभ आहे, तो पत्राच्या वजनावर जोखू नये.

प्रेमराज


अवधान, धुळे
३ मार्च २०२४

ती. स्व. दाजींस सा. न. वि. वि.

किट पोचलं. खोकी उघडायच्या आधी प्रत्येक खोकं तोललं, उघडल्यावर प्रत्येक भाग तोलला. त्यांच्या कागदावर चौकट ६१ किलो लिहिली आहे, भरली ६२ किलो ४००. कोइमतूरला लगेच कळवलं. ते म्हणाले, आजवर असं कोणी तोललं नव्हतं. मी म्हणालो, आजवर मी घेतली नव्हती.

दाजी, मी दहावी नापास माणूस, पण ही गोष्ट मला इंजिनिअर लोकांपेक्षा लवकर कळली. ताकद दोन रीतींनी वाढते. इंजिन मोठं करा, म्हणजे त्याला पेलायला चौकट जाड, ब्रेक मोठे, चाकं रुंद, आणि शेवटी जिथे होतो तिथेच. नाहीतर वजन काढा. व्हॅनचं हेच इंजिन हजार किलो ओढतं. त्याच्यासमोर पाचशे तीस ठेवले की तेच इंजिन वेगळ्या स्वभावाचं होतं.

माझा वेल्डर भटू रोज विचारतो, सेठ, हाई गाडी शे का खाट शे? मी पेडलच्या पट्ट्यांना भोकं पाडून ३१० ग्रॅम कमी केले, तर म्हणाला, बठ्ठाले छेद पाडी टाकात, आते राहिनं काय?

आता महत्त्वाचं. अशा गाडीत चालवणारा हा गाडीचा सातवा-आठवा हिस्सा असतो. चारही चाकांखाली चार काटे ठेवून, चालवणारा सीटवर असताना, स्प्रिंगा खालीवर करून प्रत्येक चाकावरचा भार जुळवावा लागतो. दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याचे चार काटे मागितले आहेत. तुम्हाला धुळ्यापर्यंत त्रास नको, मी पोत्यात वाळू भरून बसवीन. तुमचं वजन कळवा. अंदाजे नको. सकाळी, उपाशीपोटी.

ती. अक्कास नमस्कार. माया तशीच असू द्यावी, त्यात मात्र काही कमी करायचं नाही.

पितांबर


पिंप्राळा, जळगाव
२८ एप्रिल २०२४

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

वजन ७४ किलो. सकाळी, उपाशीपोटी.

थोडे बदल सुचवतो. क्लच फार हलका हवा, अगदी डाव्या पायाचा अंगठा ठेवला तरी दबेल असा. स्टिअरिंगची मूठ जाड कर, बारीक मूठ माझ्या पकडीत बसत नाही. स्टिअरिंग काढून ठेवता आलं तर उत्तम, बसायला बरं. आणि उजवी बाजू नऊ इंच खाली काप. किटच्या चित्रात लोक पाय उचलून उडी मारून बसतात, तसं आपल्याला शोभत नाही.

अक्षराला हसू नकोस, पेन खराब आहे.

आशीर्वाद आहेतच, घाई तेवढी तुझ्याकडून हवी.

प्रेमराज


अवधान, धुळे
२३ जुलै २०२४

ती. स्व. दाजींस सा. न. वि. वि.

परवा, गुरुपौर्णिमेला, गाडी सुरू झाली. मला गुरू कोणी नाही, म्हणून इंजिनापुढेच नारळ फोडला. शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर चार चकरा मारल्या. दाजी, मी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, पण गाडी माझ्या आधी वळते हे पहिल्यांदा पाहिलं. भटूला शेजारी बसवलं होतं, तो उतरून बराच वेळ टोपी शोधत होता.

तुमच्या सगळ्या फर्माइशी पुऱ्या झाल्या. क्लच कडबा उचलणाऱ्या बाईच्या नव्हे, नवाबाच्या पायाचा केला. मूठ जाड केली. बाजू कापली, तिथे चौकटीला आतून आडवा पाइप दिला. भटू म्हणतो, दाजी लग्नात घोड्यावर तरी चढले होते का, की घोडं खाली बसवलं होतं?

वाळूचं पोतं तयार आहे. एकच लांब पोतं, मध्ये आवळलेलं: ५० किलो सीटवर, २४ किलो पायांच्या जागी. भटू त्यालाच दाजी म्हणतो. सकाळी शेडचं शटर उघडलं की पोत्याला राम राम घालतो, मग मिरचीच्या काट्यांमुळे दहा शिंका देतो.

पण एक खोट आहे. काट्यावर गाडी ५३८ भरली. मी ५३० म्हणालो होतो. आठ किलो कुठे गेले ते सापडलं आहे. तुमच्यासाठी दिलेला आडवा पाइप आणि मागचा ॲक्सल चौकटीला धरणारे कान मी भीतीपोटी जाड घेतले. ते कापून पातळ, जास्त ताकदीच्या पाइपात पुन्हा करणार. त्यासाठी गाडी पूर्ण खोलावी लागेल. दोन महिने धरा.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून उशीर करतो आहे.

पितांबर


पिंप्राळा, जळगाव
२९ जुलै २०२४

चि. पितांबर यास आशीर्वाद, वि. वि.

खोलू नकोस. आठ किलो असू देत. जशी आहे तशी या रविवारी पिकअपवर घालून आण. धनसिंगशी बोललो आहे, आवार झाडून ठेवतो म्हणाला. मला एवढी बारीक गाडी नको आहे, चालणारी हवी आहे.

वजन पुन्हा विचारलंस तर तेच, ७४.

ये.

प्रेमराज


अवधान, धुळे
४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. दाजींस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा गाडी अर्धी खोलली होती. खरं सांगायचं तर पत्र वाचून थांबता आलं असतं, पण थांबलो नाही. पितांबरने आठ किलो सोडून दिले, असं चाकं फिरताहेत तोवर ती गाडी सांगत राहील. माझ्या शेडमधून अर्धवट काम बाहेर गेलेलं नाही, आणि घरच्या माणसाच्या गाडीपासून सुरुवात करायची नाही. जिनिंग यंदा भरलं तर पुढच्या जूनमध्ये रिकामं होईलच. पळून कुठे जातं?

तुमचं पत्र इतकं तुटक का? रागावलात तर अक्काकडे तक्रार करीन.

धाकट्यावरची माया आटू देऊ नये.

पितांबर


पिंप्राळा, जळगाव
८ सप्टेंबर २०२४

चि. पितांबरला आशीर्वाद.

काल गणपती बसले. आरती मी एकटीने म्हटली. ह्यांना टाळ धरवत नाही, आणि आता शब्दही जड येतात. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती मी मोडते आहे.

जानेवारीत नाशिकला तपासण्या झाल्या. स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे. आधी उजवा हात, मग पाय, मग घास गिळणं, मग श्वास. औषध नाही. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, एक-दीड वर्ष. घरी येताना चाळीसगाव गेल्यावर हे म्हणाले, पितांबरकडून गाडी बांधून घेतो. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग समजावून सांगितलं. म्हणाले, अंगातली ताकद जाणार आहे, तर ताकद लागत नाही अशी गाडी हवी. जड गाडी मला चालू देणार नाही, हलकी चालू देईल. रोज हातपाय किती चालतात याची परीक्षा घ्यायचे आणि म्हणायचे, अजून पुरतं, अजून पुरतं.

जुलैपर्यंत पुरत होतं. एप्रिलचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, चार दिवस लागले. पुढचं मीच लिहून दिलं, शेवटची सही तेवढी त्यांची.

आणि भाऊ, ते ७४ किलो नाहीत. ते वजन मागच्या दिवाळीचं आहे. मी म्हटलं, खरं कळवा, तो बारीक माणूस आहे, सगळी गाडी चुकेल. म्हणाले, खरं कळवलं तर तो गाडी बांधायचं सोडून इथे येऊन बसेल. परवा दवाखान्यात काट्यावर धरून उभं केलं. ४९.

घाई कर, एवढंच म्हणते.

अक्का


अवधान, धुळे
१२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग भटूला सुट्टी दिली आणि शटर आतून ओढून घेतलं.

पोतं सीटवरून उचलून काट्यावर ठेवलं. वरची शिवण उसवली आणि चहाच्या पातेल्याने वाळू काढली. आधी सीटवरच्या भागातली, मग पायांकडची. काट्यावरचे आकडे खाली येत होते. पंचवीस किलो वाळू म्हणजे एक घमेलं आणि वर थोडी. ते घमेलं भिंतीपाशी ठेवून दिलं. ४९ ला शिवण घातली.

एप्रिलमध्ये मला कळायला हवं होतं. क्लच, मूठ, बाजू. एकेक भाग मी ग्रॅममध्ये तोलला आणि माणसाने मागितलेल्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

गाडी जोडायला घेतली आहे. ६ ऑक्टोबरला, रविवारी, घेऊन येतो. ५३० झाली नाही तरी येतो. दाजींना सांग, स्प्रिंगा त्यांच्या खऱ्या वजनावर लावतो आहे. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

तुझा

पितांबर


पिंप्राळा, जळगाव
२० नोव्हेंबर २०२४

चि. पितांबरला आशीर्वाद.

तेराव्याला तू लवकर निघालास. नीट बोलणं झालं नाही. डिंपल परत गेली. घर फार मोठं झालंय.

लोक काही म्हणोत, तू मनाला लावून घेऊ नकोस. एवढी बारकाईची गाडी, वेळ लागायचाच. तू ऑक्टोबरच्या आत ती उभी केलीस, हेच खूप. ह्यांचे पाय त्याआधी गेले, त्याला तू काय करणार? निदान शेजारी बसून तीन फेऱ्या तरी मारल्या. तू त्यांना उचलून डाव्या सीटवर ठेवलंस तेव्हा मी धनसिंगभाऊंच्या वजनकाट्यापाशी उभी होते. हसताना पाहिलं मी त्यांना. किती महिन्यांनी.

एक विचारते. तिसऱ्या फेरीनंतर त्यांचे ओठ हलले. तू गाडी थांबवलीस आणि मशीनचा कान त्यांच्या तोंडापाशी नेलास. मग तूही काही बोललास. नंतर मी विचारलं तर मान हलवून विषय बदललास. त्या दिवसानंतर ते कोणाशी शब्द बोलले नाहीत, हे तुला माहीत आहे. माझं नाव घेतलं का? घेतलं नसेल तरी सांग. जे असेल ते.

अक्का


अवधान, धुळे
२५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आधी तुझ्या पत्रातली एक चूक दुरुस्त करतो. गाडी ऑक्टोबरमध्ये उभी राहिली नाही. ती २१ जुलैला चालत होती. दाजींनी २९ जुलैच्या पत्रात ती मागितली. ते पत्र तूच लिहून दिलंस, मला सांभाळायला आता ते विसरल्याचं दाखवतेस. मी आठ किलोंसाठी ती खोलली. त्या वेळी त्यांचे पाय चालत होते, हे तू लिहिलं आहेस. कोणी काही म्हणत असेल तर ते कमीच म्हणतात.

ऑक्टोबरमध्ये ती ५३१ किलो ७०० भरली.

आता तू विचारलंस ते. तुझं नाव घेतलं नाही. माझं घेतलं. शब्द फार सावकाश आले, म्हणून दोनदा म्हणायला लावले. ते म्हणाले, "पितांबर, ब्रेक मारला की उजवीकडे झुकते."

बरोबर होतं. उजव्या सीटसाठी मी ४९ किलो लावले होते आणि तिथे मी बसलो होतो, ८३ किलोचा. सव्वीस वर्षं पाइप तपासलेल्या माणसाला तीन फेऱ्यांत कळलं. गाडीत एकच गोष्ट चुकीच्या वजनाची होती, ती मी. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. तोंडातून सवयीने निघालं, "खोलतो, पुढच्या महिन्यात नीट करून आणतो." ते हसले, ते तू पाहिलंस.

गाडी शेडमध्ये आहे. विकायची की ठेवायची ते तू ठरव, मी बोलणार नाही. भटू सकाळी शटर उघडतो, पण राम राम म्हणत नाही. काटे दोंडाईच्याला परत करायचे होते, म्हणून काल पोतं शेवटचं एकदा त्यांच्यावर ठेवून पाहिलं. ४८ किलो ६००. भरताना पावसाळा होता, वाळू ओली होती. सुकते आहे.

घमेलं भिंतीपाशीच आहे. त्यातली चारशे ग्रॅमची भर पोत्यात घातली नाही.

राग धरलास तरी पत्र पाठवत जा.

पितांबर