खिडकीतला एचआर

१ डिसेंबर, सोमवार

आज रुजू झालो. बलभीमअण्णांची डाळ मिल, धाराशिव. पद: एचआर मॅनेजर. मिलच्या इतिहासातला पहिला. पुण्यात दोन वर्षं एमबीए केलं, स्पेशलायझेशन ह्यूमन रिसोर्स. त्यानंतर दीड वर्ष घरी बसून कंपन्यांचा विचार केला. शेवटी अण्णांना संधी दिली.

पदवीचे फायदे लिहून ठेवतो. एक, केबिन. दोन, माणसांची पारख. तीन, एचआर आत आला की स्टाफ उठून उभा राहतो.

केबिन अजून नाही. निवडायच्या खोलीत, तिथल्या एकुलत्या एका खिडकीत, डाळीच्या चार पोत्यांवर बसतो. ऊन पाठीवर छान येतं. समोर अकरा बायका जमिनीवर बसून डाळीतले खडे काढतात. कोणी उठून उभं राहिलं नाही. वेळ द्यायला हवा.

अण्णांची अट सोपी आहे. रस्त्यापलीकडे योगीराजची नवी मिल सुरू झाली आहे. एकतीस तारखेपर्यंत अकराच्या अकरा बायका इथंच राहिल्या तर मी कायम. एक जरी रस्ता ओलांडून गेली तर मी घरी. याला रिटेन्शन म्हणतात. अण्णांना शब्द माहीत नव्हता. सांगितला. ते जांभई देत होते, पण ऐकत होते.

उद्यापासून पाचला उठणार.

२ डिसेंबर, सकाळी ८.४०

आत्ता उठलो. थंडी फार. पाचचा नियम संक्रांतीनंतर.

३ डिसेंबर

इंडक्शन घेतलं. भिंतीवर खडूनं पिरॅमिड काढला. टोकाला अण्णा, खाली मी, माझ्याखाली मशीन चालवणारा शंभू, तळाला बायका. एकीनं विचारलं, द्वारकाबाई कुठं आहेत. तळाला बोट ठेवलं. बायका बराच वेळ हसल्या. शंभूही हसला. वातावरण मोकळं करण्यात यश.

द्वारकाबाई साठीच्या पुढच्या. बावीस वर्षं इथं. त्यांना कोणतंही पद नाही, तरी कोणी कामावर यायचं आणि कोणी नाही हे त्याच ठरवतात. ही त्रुटी दूर करावी लागेल.

५ डिसेंबर

परवा ठेवलेली सूचनापेटी उघडली. तुपाचा डबा आहे, झाकणाला चीर पाडली. आत मूठभर खडे आणि एक चिठ्ठी. अक्षर शाळकरी, द्वारकाबाईंच्या नातीचं असावं. मजकूर: "सायबांनी खिडकीतून उठावं. दाळ दिसत नाही."

अर्जावर नाव नाही, कर्मचारी क्रमांक नाही. विहित नमुनाही नाही. फेटाळला. विहित नमुना तयार करणार.

८ डिसेंबर

लातूरची गाडी भरली. माझ्याखालची तीन पोती गेली. एका पोत्यावर बसून दिवस काढला. अपमान गिळला. पण काम इतकं झालं की अण्णांनी निवडलेल्या डाळीचं दोनदा वजन करून घेतलं. बायका गाणी म्हणत होत्या. कारण उघड आहे. इंडक्शनचा परिणाम पाचव्या दिवशी दिसतो.

१० डिसेंबर

यश टिकवायचं तर अधिकार दिसला पाहिजे. शंभूला सांगून सहा पोत्यांची थप्पी लावली. आता डोकं खिडकीच्या वरच्या गजाला लागतं. चढायला शिडी लागते. शंभू म्हणाला, सायब, पडलाव तर फॉर्म कोण भरणार? त्याला नोटबुकात एक उणे गुण दिला.

दुपारपासून बायका मोबाईलची बॅटरी लावून डाळ निवडतात. तंत्रज्ञानाचा स्वीकार. मी सुचवलंही नव्हतं.

११ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत दोन बायका रस्त्यापलीकडे दिसल्या. योगीराजच्या मिलमध्ये डोकावत होत्या. शंभू म्हणतो, तिथं चार खिडक्या आहेत, त्या मोजत असतील. रजिस्टरला लिहिलं: अभ्यास दौरा, दोन सदस्य.

अण्णांनी विचारलं, सगळं ठीक ना? म्हणालो, उत्तम.

रात्री झोप लागली नाही. चहा जास्त झाला होता.

१५ डिसेंबर

आज पाच बायका अभ्यास दौऱ्यावर. निर्णायक पाऊल उचललं. शुक्रवारी, एकोणीसला, टीम बिल्डिंग. हजेरी सक्तीची. परिपत्रक लावलं.

शंभू म्हणाला, सायब, त्या दिशी येळवस हाय. मला माहीत नाही का? मी याच जिल्ह्यात जन्मलो. मार्गशीर्ष अमावास्या. अख्खा जिल्हा शेतात जाऊन जेवतो, गावात कुत्रंही राहत नाही. म्हणूनच तो दिवस निवडला. सगळे मोकळे असतात.

द्वारकाबाईंनी परिपत्रक शंभूकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "सायब, तुमीच या की आमच्या शेतात. मिलच्या मागंच हाय."

नम्रपणे नाकारलं. मॅनेजरनं स्टाफबरोबर जेवू नये. अंतर राहत नाही.

१९ डिसेंबर, सकाळी ९.००

हजर: एक. मी.

९.३०

परस्परांची ओळख करून देण्याचा खेळ ठरल्याप्रमाणे घेतला. स्वतःची ओळख करून दिली. नवं काही कळलं नाही.

११.१५

भूक. नाक्यावरचं हॉटेल बंद, टपरी बंद. स्टँडवर एसटी उभी, आत ड्रायव्हर नाही. आईनं डबा दिला नाही. येळवशीला घरात कोण जेवतं, असं म्हणून ती मामाच्या शेतात गेली.

१२.००

अकरा कारणे दाखवा नोटिसा लिहिल्या. बारावी शंभूला.

१२.४०

नोटीस हातात द्यावी लागते. त्यासाठी शेतात जावं लागेल. जेवायला नव्हे.

संध्याकाळी ७.००

बांधावर पोचलो तोच हाका सुरू झाल्या. येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत, नोटिसा घेऊन आलेला असला तरी. कडब्याची खोप, पुढं पंगत. अकरा बायका, त्यांची घरची माणसं, शंभू. त्याच पंगतीत अण्णा, आणि अण्णांना खेटून योगीराज. दोघं एकाच तांब्यातली आंबील पीत होते. मला वाढलं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी चार वेळा घेतली. नोटिसा वाटल्या, त्यांवर बायकांनी बाजरीचे उंडे ठेवले.

जेवणं झाल्यावर अण्णांनी द्वारकाबाईंना सरळ विचारलं, सोमवारपासून सगळ्या तिकडं जाणार असं ऐकतोय, खरं का?

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिकडं दाळ दिसती. आपल्याकडं खिडकीत सायब बसत्यात."

अण्णा माझ्याकडं वळले. योगीराजनं आंबील संपवली.

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"एक तारखेपासून. चिठ्ठी बी टाकली हुती डब्यात."

मी विहित नमुन्याचा मुद्दा मांडला. कोणी टिपला नाही.

अण्णांनी तिथंच निकाल दिला. खिडकी मोकळी. एचआर विभाग बंद. द्वारकाबाईंनी योगीराजला सांगितलं, भाऊ, आता आमी येत न्हाय, तू भज्जी घे. त्यानं घेतली.

म्हणजे अकराच्या अकरा राहिल्या. रिटेन्शन शंभर टक्के. हे अण्णांच्या लक्षात आणून दिलं. ते हात धुवायला उठले.

मग द्वारकाबाई म्हणाल्या, "अण्णा, पोराला घालवू नका. त्याच्या आईनं म्हटलं म्हणूनच म्या तुमाला त्याचं नाव सांगितलं हुतं."

हे मला माहीत नव्हतं. माझी मुलाखत अण्णांनी पंचवीस मिनिटं घेतली होती. मी टाय लावला होता.

द्वारकाबाईंनी पदराच्या गाठीतली मूठभर डाळ माझ्या तळहातावर ओतली आणि खडे काढायला सांगितलं. सात होते. मला तीन सापडले. त्यांनी थोडा विचार केला. सोमवारी ये म्हणाल्या. साहेब म्हणाल्या नाहीत.

२२ डिसेंबर, सोमवार

पाचला उठलो.

निवडायच्या खोलीत पोती नाहीत. खिडकी मोकळी, ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर पिरॅमिड अजून आहे. कडेला जागा मिळाली, एक सूप मिळालं. पहिल्या तासात दोन खडे. शेजारच्या बाईनं माझं सूप पुन्हा निवडलं. तिला नऊ मिळाले.

साडेनऊला द्वारकाबाई आत आल्या. मी उठून उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "खाली बस. उजेड अडतोय."