दहा मिनिटांची भाजी

खुमेंद्र केशोरीतलं दुकान बंद करून घरी आला, तर टीव्हीवर बायकोची, रविताची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"मी माहेरी, नवेगाव-बांधले जाऊन राहिली. टीव्हीवरची बाई दहा मिनिटांत भाजी करते, तुले घंटाभर काऊन लागते, असं तुम्ही काल पाहुण्यांसमोर म्हटलं. तिचे कांदे दुसरं कोणी चिरते, भांडेबी दुसरंच कोणी घासते. तिच्या रेसिपीच्या पुस्तकातलं क्रीम अर्जुनीतबी भेटत नाही. पुस्तक ओट्यावर आहे. आज तुम्ही रांधा. आईंले तिखट चालत नाही."

खुमेंद्रला आधी राग आला. त्याने पुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि मिटलं.

खाटेवरून आई म्हणाली, "बस भेटते अजून. जा, तिची माफी माग. अन् मलेबी संगं ने, भूक लागली."