नोहाचे सात दिवस

झरी, २२ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९.१०. बहिणीचा, नीलमचा, बारावीचा फॉर्म तपासत होतो.

ती. बाबांस,

तुम्ही पास्टरांसोबत चुडाव्याच्या शिबिरात आहात. हे पत्र मी पाठवणार नाही.

पास्टर म्हणतात, पुराआधी देवाने नोहाला दिलेले सात दिवस म्हणजे आपली मंडळी सुरू झाल्यापासूनची सात वर्षं. ती जानेवारीत संपतात, मग जगाचा शेवट. म्हणून तुम्ही नीलमला म्हणालात, "फॉर्म कशाला भरायलीस? फेब्रुवारीत जग ऱ्हातंय का?" ती म्हणाली, "मग पास्टर चर्चवर स्लॅब कशाला टाकायलेत?" तुम्ही ताटावरून उठलात.

मी नववीपर्यंतच शिकलो, तरी बायबलमधला मत्तयाचा चोविसावा अध्याय तीनदा वाचला. येशूनेही नोहाचंच उदाहरण दिलं आहे, पण पूर येईपर्यंत लोकांना काहीच कळलं नाही, हे सांगायला. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं तो म्हणतो. पास्टरांनी त्याच गोष्टीतून तारीख काढली.

फॉर्मवर पालकाची सही लागते आणि आज शेवटचा दिवस आहे. तुमची सही मी वहीत अकरा वेळा गिरवली, मग फॉर्मवर केली. हे पाप आहे, मला माहीत आहे. प्रभू फेब्रुवारीत आलाच, तर नीलम त्याला परीक्षेच्या बाकावर सापडेल. सहीचं काय ते मीच त्याला सांगेन.

आपला मुलगा,
सिद्धोधन