काहिलीला दहापैकी चार

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय राजवीर,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. पाकीट बघून हसशील, पण करू काय? फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढे दीड वर्ष एकच टिक आहे. नाशिकचा पत्ता शालूकाकींनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. गारगोटीत तुमच्या घरी जाऊन मी दोनदा चहा प्यालो आणि तरी उठलो नाही, तेव्हा कुठं काकींनी, तुझ्या आईनं, तो दिला.

इकडे ठीक आहे. कारखान्याचा हंगाम जोरात, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांना मळीचा वास. अम्मीचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत, पण जीभ ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यात रोजे सुरू होतील. "राजवीर ईदला येतोय का इचार" म्हणाली. गेल्या दोन्ही ईदना तिनं तुझ्या नावाची शीरखुर्म्याची वाटी झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला खायला लावली. तुझ्या वाटणीचं खाताना मला ते कधी गोड लागलं नाही, हे तिला सांगितलेलं नाही.

मासिक चालू आहे. 'सवंगडी गेम्स'च्या आता नऊ शाखा झाल्या आणि नऊही दुकानांच्या काउंटरवर 'डाव'चा गठ्ठा असतो, फुकट. संपादक मीच. विजयसिंह साहेबांनी मला मागे कलणारी खुर्ची दिली आहे. मालक खुर्ची देतो तेव्हा कमरेपेक्षा जिभेला आराम हवा असतो त्याला. असो.

गारगोटीला गेलो होतो ते तिथल्या एका कॉलेजात बोलायला. विषय त्यांनीच दिला होता: गेमच्या मासिकांवर वाचकांनी विश्वास ठेवावा का. माझं भाषण तोंडपाठ आहे, तू ते ऐकलंयस. झाल्यावर संयोगिता नावाची एक मुलगी उठली.

"सर, मासिक दुकानाचंच हाय म्हटल्यावर दुकानातल्या मालाला वंगाळ म्हणंल व्हय ते?"

मी नेहमीचं उत्तर काढलं. दुकानदार गिऱ्हाइकाला एकदाच फसवू शकतो. टाकाऊ गेम गळ्यात मारला, तर तो माणूस पुन्हा पायरी चढायचा नाही. म्हणून दुकानाचं मासिक उलट जास्त जपून लिहितं. मी जुने अंक नेले होते, त्यातली तीन आणि चार मार्कांची परीक्षणं उघडून दाखवली. प्राचार्यांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या.

ती बसली नव्हती. अंक चाळत म्हणाली, "ह्यातला तुमच्या दुकानात मिळणारा कुठला?"

मी बघितलं. खरं सांगतो, तोवर मी कधी तसं बघितलंच नव्हतं. एकही नव्हता. जे आमच्या कपाटात नाही, त्याच्याबद्दल आम्ही अगदी निर्भीड होतो.

मग तिनं २०२३ चा दिवाळी अंक वर धरला. "आन् ह्यो 'काहील'? आमच्या राजवीरदादाचा. दहापैकी चार?"

मी मुलांना सांगू लागलो, की २०१९ च्या पुरात नावा कमी पडल्या तेव्हा लोकांनी गूळ शिजवायच्या मोठ्या काहिली पाण्यात सोडल्या आणि त्यात बसवून माणसं काढली, त्यावरचा हा गेम. पोरं हसली. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग मी म्हणालो, की परीक्षण आकाराम यांचं आहे आणि आमच्याकडे लिहिणाऱ्याला पूर्ण मोकळीक असते.

"तुम्ही स्वतः खेळलाय?"

"खेळलोय की."

"शेवटापतुर?"

"शेवटापर्यंत."

तिनं माझ्याकडे फार विचित्र बघितलं. फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं, तिकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "मग लई घट्ट मनाचं हाय सर तुम्ही," म्हणाली आणि बसली. तिला काय म्हणायचं होतं कळलं नाही, पण परतताना एसटीत तेच डोक्यात राहिलं.

घरी आलो तर अम्मी शेजारणीला पुराचं सांगत होती. "माझ्या पोरानं काहील पाठवली म्हणून हे वाचले." अब्बाही जाईपर्यंत दोन वर्षं हेच सांगायचे, आधी माझं नाव घेऊन आणि मग तुझं. म्हातारी माणसं, घोटाळा होतो. मी कधी दुरुस्त करायला गेलो नाही.

तर राजवीर, सांगायचं एवढंच की आकारामचं मनावर घेऊ नकोस. मासिकातला एक आकडा तो. नाशिकला बँकेची कॉम्प्युटरं सांभाळत बसण्यासाठी तुझा जन्म नाही. पुन्हा काहीतरी बनव.

अम्मीचे आशीर्वाद.

तुझा,
मुजम्मिल


कसबा बावडा
रविवार, १८ जानेवारी

राज्या,

मागचं पत्र फाडलं असशील तर बरं केलंस. नसशील तर हे वाचून फाड.

आकाराम नावाचा माणूस नाही. कधीच नव्हता. ज्याला वाईट म्हणायचं असेल त्याच्याखाली आम्ही ते नाव टाकायचो. तू दुकानात येऊन "ह्या आकारामाला एकदा भेटव की मला, च्यायला" म्हणाला होतास, आणि मी "सांगलीचा हाय, लई येत न्हाय" म्हणालो होतो. तू आकारामाशीच बोलत होतास. 'काहील'चं परीक्षण मी लिहिलं.

आमच्याकडे काम कसं चालतं तेही सांगतो, कारण तुला वाटत असेल मी तुझा गेम वाईट ठरवला. वाईट-चांगलं ठरवायची वेळच येत नाही. अंक लावण्याआधी गोदामातून यादी येते. ज्या गेमची खोकी जास्त पडून आहेत त्यापुढे आठ, नऊ. मार्क आधी येतात, लिहिणं त्यानंतर, आणि खेळणं वेळ मिळाला तर.

तुझ्या गेमचं खोकंच नव्हतं. तू तो नेटवरून थेट देत होतास. साहेबांनी तुला आधी विचारलं होतं, की डबीत घालून फक्त आमच्या दुकानात ठेव. तू हात जोडून नाही म्हणालास. त्यानंतर ते माझ्या टेबलाशी आले. "पोरगं गुणी हाय, मुजम्मिल. पण गिऱ्हाइकाला घरबसल्या गेम उतरवून घ्यायची सवय लागली तर आपुन काय पेरू विकायचं? चार द्या." आवाज चढवला नाही, धमकी नाही. मी एकदाही "साहेब, तो माझा दोस्त आहे" म्हणालो नाही. पाऊण तासात परीक्षण लिहून दिलं.

त्यात मी लिहिलं होतं की नाव सरळ जात नाही, गोल फिरते, हा सदोष बांधणीचा नमुना आहे. बावड्यात जन्मलेला माणूस मी. काहील गोलच फिरते हे मला माहीत नव्हतं होय?

आणि तरी हे सगळं तू सोसलं असतंस. तू आकारामला शिव्या दिल्या असत्यास आणि दुसरा गेम करायला बसला असतास. पण तू मला गंगावेशीत दूधकट्ट्यावर ताजं दूध प्यायला घेऊन गेलास. आठवतं? पेला हातात धरून उभा राहिलास, प्यायला नाहीस. म्हणालास, "आकाराम गेला खड्ड्यात. तू खेळलास न्हवं? तू सांग. तुझं मी ऐकतो."

तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. मला भीती वाटली, की चांगलं म्हणालो तर तू विचारशील, मग मासिकात तू का नाही लिहिलंस. म्हणून मी म्हणालो, "बाकी बरा हाय. शेवट ढिला हाय, राज्या."

तू मान हलवलीस. दूध तसंच कट्ट्यावर ठेवलंस. महिन्याभरात कोल्हापुरातली खोली सोडून नाशिकला गेलास.

मी शेवट बघितलाच नव्हता. दुसऱ्या टप्प्यापुढे गेलोच नव्हतो. तू दिलेला पेन ड्राइव्ह, त्याला रबरबँडनं लावलेली चिठ्ठी, "मुज्या, शेवटपर्यंत खेळ, मग बोल", हे सगळं मी अब्बांच्या शिलाई मशीनच्या खणात टाकून दिलं होतं. त्या पोरीचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून बुधवारी दुकानातून आल्यावर ते काढलं. दोन वर्षं तिथंच होतं, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांत.

खेळलो, राज्या. सगळा खेळलो.

शेवटच्या टप्प्यात बावडा दिसला तेव्हाच मला उठावंसं वाटलं. तू आमची गल्ली केलीस. अब्बांचं टेलरिंगचं दुकान केलंस, त्यावरचा माळाही. माळ्यावर म्हातारा बसलाय, मांडीवर मशीन घेऊन. पाणी वर येतंय आणि तो उठत नाही.

काय बोलायचं त्याचे तीन पर्याय येतात. मी पहिला दाबला: "चाचा, पाणी वाढायला लागलंय." म्हातारा म्हणतो, "वाढू दे." गेम संपला, पुन्हा सुरुवात. दुसरा दाबला: "मशीन पण घेतो काहिलीत." म्हणतो, "मशीन न्हे. मी हितंच बरा." पुन्हा संपला.

तिसरा पर्याय होता: "मुजम्मिलनं पाठवलंय."

मी बटणावरचं बोट काढलं. पडद्यावर पाणी चढत होतं. तो पर्याय खोटा होता आणि तो दाबणारा मीच होतो. त्या दिवशी मी कुणालाही पाठवलं नव्हतं. मी शाहूपुरीत होतो, 'सवंगडी'च्या तळघरात पाणी शिरलं म्हणून साहेबांनी बोलावलं होतं, आणि मी खोकी वरच्या मजल्यावर वाहत होतो. सकाळी अब्बांशी भांडून निघालो होतो. मशीन सोडून येत नसाल तर बसा तिथंच, असं म्हणून. अम्मी तेवढी मावशीकडे पोचली होती. दुपारी फोन लागेना, तेव्हा मी स्वतःला म्हणालो, कुणीतरी काढेलच. आणि खोकी उचलत राहिलो.

दाबला. म्हातारा वर बघतो. तू अब्बांचे त्या दिवशीचे शब्द तेच ठेवलेस, नाही का?

"पोरानं पाठवलंय व्हय? मग चला की."

आणि उठतो. मशीन छातीशी धरून काहिलीत बसतो, आणि काहील गोल गोल फिरत निघते. पुढे काही नाही. मार्क नाहीत, 'जिंकलात' नाही, फक्त म्हातारा रस्ताभर भेटेल त्याला सांगत जातो, माझ्या पोरानं पाठवलं.

म्हणजे घोटाळा अब्बांचा नव्हता. काहील घेऊन तू गेलास आणि तूच त्यांना तसं सांगितलंस, कारण त्याशिवाय ते उठले नसते. आणि नंतर मलाही बोलला नाहीस. मला कळावं म्हणून तीन वर्षं खपून गेम केलास, आणि त्याला मी पाऊण तासात चार मार्क दिले.

गुरुवारी साहेबांकडे गेलो. म्हणालो, जुन्या परीक्षणात चूक झाली आहे, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. ते हसले. "दोन वर्षांचं शिळं कशाला उकरताय? आकारामाला माफ करा." राजीनामा तोंडावर फेकून आलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. आलो आणि खुर्चीत बसलो. उद्याही बसेन. पुढच्या अंकाची यादी आली आहे. माझ्याबद्दल तुझी काही चांगली समजूत उरली असेल तर ती राहू नये, म्हणून हे लिहितोय.

आज सकाळी मात्र अम्मीला सांगितलं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "त्यास्नी ठावं न्हवतं ना जाईस्तोवर?" मी म्हणालो, नाही. "मग बरं झालं." पुन्हा निवडायला लागली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. दुपारी शेजारीण आली होती, तिला फक्त तुझं नाव सांगत होती.

तू परत ये, असं म्हणायला मला तोंड नाही. पुन्हा गेम कर असंही आता म्हणत नाही, मागच्या पत्रात ते किती सहज लिहून गेलो. फक्त एक गोष्ट तू माझ्या शब्दावर खरी मानून बसला आहेस, तेवढी काढून टाक. माझ्या शब्दाची किंमत आता तुला कळलीच आहे, तरी हा एक घे.

शेवट ढिला नाही, राज्या.

काहील न पाठवलेला,
मुजम्मिल