दीड बोट माया

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत, तूही असशील. रोज सकाळी तुझ्या कुलपाचा आवाज येतो, म्हणजे गोदामावरची रात्रपाळी करून धड घरी आलास एवढं कळतं. पाकिटावरचं तिकीट बघून हसू येईल तुला. आपल्या दोघांत अठरा पायऱ्या, आणि हे पत्र पोस्टाची वारी करून त्याच घरात परत येणार. पण "यापुढे काय सांगायचं ते लेखी सांग" हे तुझं मला शेवटचं वाक्य. त्याला सहा वर्षं झाली. आज लेखी सांगतोय.

कारण विशेष काही नाही. घरात समुद्र आणलाय, तेवढं कळवावं म्हटलं.

शिलाई मशीन बाजारातल्या दुकानात नेल्यापासून वरची ती खोली रिकामीच होती. तिथे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी बसवली आहे. खाऱ्या पाण्याची. याचं मीठ वेगळं मिळतं. ते पिंपात ढवळायचं, एका नळीने खारटपणा मोजायचा, कमी पडला तर अजून घालायचं. तुझी वहिनी म्हणाली, "तीस वर्षांत माझ्या हातच्या जेवणाचं मीठ बघितलं नाहीत एवढ्या निगुतीने."

मासे विकणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की महिनाभर यात मासा सोडायचा नाही. आधी नुसते दगड, वाळू आणि पाणी. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते माशांची घाण पचवतात. त्याआधी मासा सोडला तर तो आपल्याच घाणीत मरतो. मग मी रोज नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचो. हिरवं झालं तर पाण्यात विष, पिवळं राहिलं तर नाही. एकवीस दिवस हिरवंच. वहिनी येताजाता विचारायची, "दगड जेवले का?"

आता दोन जीव आहेत. एक मासा आणि एक झिंगा, दोघं एकाच बिळात राहतात. झिंग्याला नीट दिसत नाही, तो दिवसभर वाळू उपसतो. मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. झिंगा आपली मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवतो, माशाने शेपूट हलवली की दोघं आत. बाई म्हणाल्या, याला वॉचमनच म्हणतात. वहिनी म्हणाली, "म्हणजे आपले भाऊजी की."

हा झिंगा नांगी अशी आपटतो की 'कट्' असा आवाज येतो, काच तडकल्यासारखा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातला कप पडला. तुला खाली ऐकू आला तर घाबरू नकोस.

सहज विचारतो, तुझा पलंग अजून आतल्या भिंतीलाच आहे की हलवलास? लिहायचा कंटाळा असेल तर झाडूच्या दांड्याने छताला ठोक, मशीन चालू असताना ठोकायचास तसं. एकदा म्हणजे तिथेच, दोनदा म्हणजे हलवला.

तुझा,
दादा


दि. १३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र काल मिळालं असणार. पोस्टमनला मी खिडकीतून पाहिलं. तू काही ठोकलं नाहीस.

आज पोस्ट नको. तू कामावर गेलास की हे दाराखालून सरकवतो, सकाळी आलास की आधी वाच.

टाकीच्या पायाशी फरशीला एक भेग आहे. आठवड्यापूर्वी पुसताना दिसली. जुनी असेल म्हटलं. पण मन खाऊ लागलं म्हणून तिच्या दोन्ही टोकांना कापडावर आखायच्या खडूने खूण केली. परवा भेग खुणेच्या पुढे अर्धं बोट होती. काल एक बोट. वहिनीला सांगितलेलं नाही, त्या जागी मी पायपुसणं टाकलंय. ती म्हणते, "हे इथे कशाला? पाय अडकतो." मी म्हणतो, असू दे.

'कट्' असा आवाज झाला की मी आधी टाकीकडे बघतो. झिंगा नांगी उगारून उभा असला की जीव भांड्यात पडतो. पण दरवेळी तो बाहेर असतोच असं नाही.

आज गवंडी आणला. त्याने वजन विचारलं. मी ऐटीत सांगितलं, साडेचारशे लिटर पाणी म्हणजे साडेचारशे किलो, एवढं जमिनीला काय जड? त्याने बोटांवर मोजत विचारलं, काचेचं धरलंत का? दगडांचं? वाळूचं? टाकीखालच्या लोखंडी घोडीचं? खालच्या गाळणीच्या टाकीचं? गणित सातशेच्या वर गेलं. बाबा आपल्याला काय शिकवायचे आठवतं ना, अंगाच्या मापाने कापड कापणारा शिंपी नव्हे, शिवणीच्या आत दीड बोट माया सोड, माणूस उद्या जाड होतो. जन्मभर गिऱ्हाइकांच्या कपड्यांत माया सोडली, आणि इथे नेमक्या मापाने कापून मोकळा झालो.

गवंडी म्हणाला, "वरून काही कळायचं नाही. खालून छत बघायला पाहिजे. खाली कोण राहतं?"

मी म्हटलं, भाडेकरू.

का म्हटलं ते मला ठाऊक नाही. जीभ वळली खरी. सख्ख्या भावाला भाडेकरू म्हणून मोकळा झालो, आणि वर म्हणालो, तो दार उघडणार नाही.

म्हणून तूच बघ. पलंगावर आडवा झालास की सरळ वर बघ. गिलावा फुगलाय का, ओल आहे का, रेघ दिसते का. आणि बघून झालं की पलंग बाहेरच्या खोलीत ओढ. उद्या सकाळपासून मी टाकी रिकामी करायला घेतो. टाकी नेमकी तिथेच का ठेवली म्हणशील, तर सॉकेट त्या भिंतीला होतं. दुसरं काही नाही.

दादा


दि. १४, दुपार. तुझ्या दाराबाहेर, शेवटच्या पायरीवर

ऐक. हे मापांच्या वहीतलं पान आहे, अक्षर कसं आलंय ते बघू नकोस.

सकाळी तुझं कुलूप वाजलं. मी वर बादल्या मांडून बसलो होतो. मासा आणि झिंगा आधीच काढून एका बादलीत घालून वहिनीच्या ओट्याखाली ठेवले होते. नळीने पाणी ओढत होतो, टाकी अर्धीही झाली नव्हती, आणि खालून तुझा दांडा बसला. एकदाच. मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिलो. पलंग तिथेच आहे, आणि तूही तिथेच आहेस, हे कळायला मला तेवढा वेळ लागला. भेग पडलेल्या छताला दांड्याने ठोक असं तुला मीच लिहून कळवलं होतं. माझ्या अकलेला काय म्हणू.

आणि मग 'कट्' झालं. मी सवयीने टाकीकडे बघितलं. आत नुसते दगड होते. झिंगा स्वयंपाकघरात बादलीत होता.

त्यानंतर मी अठरा पायऱ्या कशा उतरलो ते मला सांगता येणार नाही. दार बडवलं. तू आतून काय म्हणालास? "लेखी दे." मी म्हटलं, अरे छत येईल अंगावर, बाहेर ये. तर म्हणालास, "सॉकेट त्या भिंतीला कधीच नव्हतं. आपण दोघं याच घरात वाढलो, दादा. टाकी इथेच का ठेवलीस ते लिही. मग बघू."

सहा वर्षांनी तू मला दादा म्हणालास, तेही असं.

तर लिहितो. सॉकेट समोरच्या भिंतीला आहे. मी चौदा फूट वायर ओढून आणली. मासेवाल्या बाईंनी नव्हे, कोणी नव्हे, ती जागा मी निवडली. खिडकीतून टेप खाली सोडून तुझ्या खिडकीशी जुळवली आणि तिथून आत मोजत गेलो, लहानपणी खालच्या खोलीत तुझी गादी कुठे असायची ते मला माहीत होतं. नेमकी तुझ्या उशीवर टाकी आणली. तिचा पंप चोवीस तास घुमतो. दुपारी झोप लागत नाही म्हणून माझं मशीन बंद करायला लावलंस ना, माझ्या दाराला तक्रारीचा कागद चिकटवलास ना, मग आता हे ऐक आणि पड जागा. हा विचार करून मी ती टाकी बसवली. मासे, समुद्र, हौस हे सगळं नंतरचं. आधी फक्त तो पंप होता.

पुढचंही खरं आहे, पटलं तर बघ. त्या एकवीस दिवसांत रोज थेंब टाकताना मी कान जमिनीला लावायचो. आधी तुला त्रास होतोय का ते ऐकायला. मग नुसताच. तू कूस बदललीस की पलंग करकरतो. तुला खोकला झाला होता त्या आठवड्यात मी पंप बंद ठेवायचो दुपारी, पाणी खराब होईल म्हणून बाई ओरडल्या तरी. आणि दुकानात पन्नास रंगीत मासे सोडून मी तो वॉचमन उचलला. कशासाठी, ते वहिनीला त्याच दिवशी कळलं होतं. मलाच कळायला वेळ लागला.

तू मशीनबद्दल बोललास ते बरोबर होतं. रात्रभर उभ्या माणसाला दुपारी झोप पाहिजे. कागद न चिकटवता वर येऊन सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं असं म्हणायचो मी. नसतं ऐकलं.

आत्ता पुन्हा आवाज झाला. तू ऐकलास का? मी दाराला कान लावलाय.

एवढं लिहिलंय, अजून काय लिहू. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. पण त्या पलंगावरून ऊठ आणि दाराशी ये. उंबऱ्यावर छत नाही, नुसता जिना आहे, इथे वरून काही पडणार नाही. मधे दार ठेवून बस हवं तर. तुझी पाठ दाराला टेकली की मला इकडे कळेल, तेवढं पुरे.

मी इथून हलत नाही.

दीड बोट माया सोडायला विसरलेला,
तुझा दादा